स्टेनलेस स्टीलच्या पिस्तुलावरील कोरीवकाम

स्टेनलेस स्टीलच्या पिस्तुलावर टोकदार कोरणीने वेलबुट्टी कोरणे ही धातूवरील हस्तकोरीवकामाची एक शाखा आहे. पिस्तुलाची चौकट आणि वरचा सरकता भाग (स्लाइड) यांवर प्रामुख्याने हे काम केले जाते. साध्या पोलादाच्या तुलनेत स्टेनलेस स्टीलवर कोरणे अधिक कष्टाचे मानले जाते.

परंपरा

बंदुका सजवण्याची परंपरा युरोपात जुनी आहे. इटलीतील गार्दोने व्हाल त्रोम्पिया, ऑस्ट्रियातील फेर्लाख आणि बेल्जियममधील लिएज ही तिची प्रसिद्ध केंद्रे होत. एकोणिसाव्या शतकात जर्मनभाषक कारागिरांनी ही कला अमेरिकेत नेली. त्यांपैकी गुस्ताव्ह यंग याने आधी कोल्ट आणि पुढे स्मिथ अँड वेसन या कंपन्यांसाठी काम केले. स्टेनलेस स्टीलची हातबंदूक मात्र बरीच अलीकडची आहे. स्मिथ अँड वेसनचे ‘मॉडेल ६०’ हे रिव्हॉल्व्हर १९६५ मध्ये बाजारात आले.

धातूचा स्वभाव

स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण १०.५ टक्के किंवा अधिक क्रोमियम असते. त्यामुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो व धातू सहसा गंजत नाही. हा धातू चिवट असतो. त्याच्या काही प्रकारांत कोरणी न कापता नुसती घासली गेली, तर तेवढा भाग आणखी कठीण होतो. म्हणून कोरणीची धार वारंवार लावावी लागते. कोरणीसाठी हायस्पीड स्टील किंवा टंगस्टन कार्बाइड वापरतात.

आखणी व कोरणे

पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून त्याचे भाग सुटे केले जातात. वेलीचा कणा असलेली सर्पिल रेषा आधी आखतात; नंतर तिला स्पर्श करून वळणारी पाने भरतात. पानांचा आकार बहुधा अकँथस या भूमध्यसागरी वनस्पतीवरून घेतलेला असतो. फिरत्या गोलाकार पकडीत भाग घट्ट बसवला जातो. वळण कोरताना कारागीर एका हाताने पकड फिरवतो आणि कोरणीचा हात शक्यतो स्थिर ठेवतो. कोरणी हातोडीच्या ठोक्यांनी किंवा दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या उपकरणाने पुढे सरकवली जाते. कोरणी घसरल्यास पडलेला ओरखडा पुसता येत नाही. सभोवतालचा धातू घासून काढावा लागतो किंवा नक्षी बदलावी लागते.

उठाव

साध्या पोलादाला रासायनिक प्रक्रियेने निळसर काळा रंग देता येतो. स्टेनलेस स्टीलवर ही नेहमीची प्रक्रिया लागू पडत नाही. त्यामुळे नक्षीचा उठाव मुख्यतः कोरण्याच्या खोलीवर, जवळजवळ ओढलेल्या छायारेषांवर आणि प्रकाशाच्या परावर्तनावर अवलंबून राहतो. अनेकदा पार्श्वभूमी खाली उतरवून ती बारीक ठिपक्यांनी भरतात आणि त्यात काळा रंग मुरवतात.

मर्यादा

एकमेकांवर सरकणारे पृष्ठभाग व पातळ भिंतींचे भाग कोरीवकामातून वगळले जातात. अनुक्रमांकाला हात लावता येत नाही. भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम ८ नुसार बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखचिन्ह पुसणे, काढणे किंवा बदलणे निषिद्ध आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यातही अनुक्रमांकाबाबत अशीच मनाई आहे. त्यामुळे नक्षीची आखणी करतानाच ती जागा मोकळी सोडली जाते.