पासपोर्टवरचं एक अक्षर

२००५ मध्ये पासपोर्टच्या अर्जात पुरुष-स्त्रीच्या जोडीला 'ई' आलं. 'युनक'चं आद्याक्षर! म्हणजे सोय झाली, पण शब्द हिणवणारा. पुढे त्याच्या जागी 'टी' आलं. मग २०१४ चा नालसा निकाल: लिंगओळख व्यक्तीनेच ठरवायची, शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदेशीर.

आता २०१९ च्या कायद्याची कलमं ६ आणि ७ मूळ रूपात शेजारी ठेवून वाचा. इतिहास इथेच सापडतो. 'ट्रान्सजेंडर' ही नोंद हवी, तर प्रतिज्ञापत्रावर जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र. पण एखाद्या ट्रान्स स्त्रीला 'स्त्री' अशीच नोंद हवी असेल, तर शस्त्रक्रिया करून हॉस्पिटलचा दाखला आणायचा. निकालाने काढलेली अट कायद्याने मागच्या दाराने परत आणली, असं माझं वाचन आहे. म्हणून नुसत्या निकालावर थांबू नका. कोरे अर्जही मिळवून वाचा. कुठला कागद जोडायचा, हे तिथेच कळतं.