अडलेला खटका

सातारा-सांगलीकडील १९४२ नंतरच्या भूमिगत चळवळीचें वर्णन करतांना पिस्तुलाचा उल्लेख आपण सहज करतों. तें पिस्तूल नीट चालत होतें कीं नाहीं, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

स्वयंचलित पिस्तुलाच्या मुठींत काडतुसांची पातळ पेटी, म्हणजे मॅगझिन, बसते आणि एका लहानशा खटक्यानें अडकते. युरोपांतील पुष्कळ जुन्या पिस्तुलांत हा खटका मुठीच्या तळाशीं असे. अमेरिकन सैन्यानें १९११ मध्यें स्वीकारलेल्या ब्राउनिंगच्या पिस्तुलांत तो चापामागें, अंगठ्याजवळ आला. खटका दाबतांच पेटी सुटावी, ही अपेक्षा. ती सुटली नाहीं, तर कारण बहुधा साधेंच असतें. तेल वाळून चिकट झालेलें असतें, मातीचा कण शिरलेला असतो, गंज चढलेला असतो; कधीं पेटीच्या खाचेची कड उचललेली, कधीं तिचा पत्राच चेपलेला. पेटी काठोकाठ भरलेली असली तर आंतील कमानीच्या रेट्यानें निर्दोष खटकाही जड लागतो. पेटी अडली तरी नळींत एक काडतूस उरलेलें असूं शकतें. म्हणून आधीं नळीची खात्री, मग खटक्याचा विचार. पुढें साफसफाई आणि पातळ तेलाचा एक थेंब एवढ्यानें पुष्कळदां काम भागतें. कानस लावण्याची घाई मात्र नडते. खटका थोडा अधिक घासला गेला कीं पेटी ऐन वेळीं आपोआप निसटते.

परवानाधारक दुकानदारापाशीं हें काम घटकाभराचें. पण १८७८ च्या शस्त्रकायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें, बनविणें वा विकणें गुन्हा ठरविलें होतें. प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांकडील हत्यारें कांहीं पोलिसांकडून हिसकावलेलीं, तर कांहीं पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यांतून आणलेलीं. तीं दुकानांत न्यावयाचीं कशीं? शिराळ्याकडील पावसांत लपविलेल्या लोखंडाला गंज चढावयास किती दिवस लागणार!

सातारा जिल्ह्यांत शिपाईगिरी जुनी. एकट्या आपशिंगे गांवचे ४६ जण पहिल्या महायुद्धांत कामास आले. परंतु शिपायाच्या हातची ली-एनफील्ड बंदूक निराळी. तिची दहा काडतुसांची पेटी सहसा जागेवरच ठेवून वरून पांच-पांच काडतुसें भरीत. पेटी काढावयाची ती मुख्यतः सफाईसाठीं. त्यामुळें बंदुकीवर बसलेल्या हाताला पिस्तुलाची पेटी नव्यानेंच शिकावी लागे, असें मला वाटतें.

२४ जुलै १९४३ रोजीं सांगलीच्या तुरुंगांतून वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून बाहेर पडले. हत्यार परकें, परिचयास क्षणाचीही उसंत नाहीं. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्या दिवशीं हुतात्मे झाले. वसंतदादांच्या खांद्यास गोळी लागली.

म्हणूनच तुफान सेनेला शिकविणाऱ्यांची गरज भासली. तिच्या तरुणांना शिक्षण देण्यासाठीं आझाद हिंद फौजेंतील नानकसिंग यांच्यासारखे जाणकार आले. २५ फेब्रुवारी १९४६ रोजीं मणदूरजवळ पोलिसांशीं झालेल्या चकमकींत नानकसिंग आणि किसन अहीर दोघेही पडले. वाळव्याच्या सहकारी साखर कारखान्याला पुढें किसन अहीर यांचें नांव देण्यांत आलें.