बाटलीतला कापूर

नेलपॉलिश वाळतं म्हणजे त्यातला द्रावक उडून जातो. झाकण उघडताच नाकात शिरणारा वास त्याचाच. मागे नखावर उरतो तो एक पातळ पापुद्रा, आणि त्याचं कूळ थेट दारूगोळ्याचं आहे. १८४६ मध्ये बासेलच्या ख्रिश्चन शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून स्फोटक कापूस तयार केला. तोच नायट्रोसेल्युलोज. त्याचा सौम्य प्रकार इथर आणि अल्कोहोलात विरघळवला की वाळल्यावर पारदर्शक कातडी धरते. जखमा झाकायला ती वापरली गेली. पुढे सिनेमाची फिल्म याच पदार्थाची झाली, अगदी फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या काळातलीही. १९२० च्या दशकात ड्यूपाँनं त्यापासून झटपट वाळणारा मोटारींचा रंग काढला, आणि १९३२ मध्ये सुरू झालेल्या रेव्हलॉननं रंगद्रव्य घातलेलं गडद, अपारदर्शक नेलपॉलिश बाजारात आणलं. दारूगोळ्याचं हे कूळ आणि तो उडणारा द्रावक, दोन्ही पटकन पेट घेतात; म्हणूनच नेलपॉलिशची बाटली निरांजनाजवळ कधीही उघडू नये.

पण नुसता नायट्रोसेल्युलोज नखावर टिकत नाही. तो ठिसूळ असतो, चार भांडी घासली की त्याचे टवके उडतील. पुरणपोळीची कणीक तेलात तिंबून सैल केली की लाटताना फाटत नाही. तसंच या पापुद्र्यालाही मऊ करणारं काहीतरी लागतं. नेलपॉलिश घातक की सुरक्षित, याची निम्मी कथा या ‘तेला’ची आहे.

त्यातलं सर्वांत जुनं ‘तेल’ आपल्या देवघरात सापडतं. १८७० मध्ये अमेरिकेतल्या हायट बंधूंनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मळून सेल्युलॉइडचं पेटंट घेतलं. कंगवे, बाहुल्या, फिल्म, सगळं त्यातून आलं. नेलपॉलिशमध्येही कापूर गेला आणि आजही कित्येक बाटल्यांत असतो. आरतीमुळे तो आपल्याला निरुपद्रवी वाटतो, पण लहान मुलानं गिळला तर झटके येऊ शकतात. बाटलीत त्याचं प्रमाण थोडं असतं, हे खरं. त्याची दुसरी खोड आपल्या घरातल्या कोणालाही सांगता येईल: डबी उघडी राहिली की कापूर उडून जातो. पापुद्र्यातूनही तो हळूहळू उडतो.

तसा सहजी न उडणारा पदार्थ म्हणजे डायब्युटाइल थॅलेट. तो वर्षानुवर्षं नेलपॉलिशमध्ये होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं नर गर्भाच्या जननेंद्रियांची वाढ बिघडते असं दिसलं आणि २००४ मध्ये युरोपीय संघानं सौंदर्यप्रसाधनांत त्याला मनाई केली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नेलपॉलिशमध्येच आढळणारं दुसरं रसायन, फॉर्माल्डिहाइड, माणसाला कर्करोग करणारं ठरवलं. तिसरा टोल्युइन, डोकं दुखवणारा आणि गरगरवणारा द्रावक. या तिघांना वगळलेल्या बाटल्यांवर ‘थ्री-फ्री’ झळकू लागलं, मग ‘फाइव्ह-फ्री’, ‘टेन-फ्री’.

मला या ‘फ्री’चा राग येतो, कारण थॅलेट गेलं तरी कणकेला तेल लागतंच. त्याच्या जागी अनेक ठिकाणी ट्रायफेनिल फॉस्फेट आलं. ते आगरोधक म्हणूनही वापरतात आणि ते शरीरातल्या संप्रेरकांत ढवळाढवळ करत असावं अशी शंका आहे. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २६ स्त्रियांच्या नखांना हे रसायन असलेलं पॉलिश लावलं. दहा ते चौदा तासांनी त्यांच्या लघवीत त्याचा अवशेष जवळजवळ सातपट झाला होता. काही जणींना हातमोजे घालून, वर चिकटवलेल्या कृत्रिम नखांवर पॉलिश लावायला दिलं, तेव्हा मात्र तशी वाढ दिसली नाही. म्हणजे वाट मुख्यतः श्वासाची नव्हती, बोटांची होती.

शिवाय ‘फ्री’ या शब्दाची सर्वांना बांधील अशी व्याख्या नाही. एकाच्या ‘टेन-फ्री’तले दहा आणि दुसऱ्याच्या ‘टेन-फ्री’तले दहा वेगळे असू शकतात. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्यानं टोल्युइनमुक्त म्हणवणारी बारा उत्पादनं तपासली; दहांत टोल्युइन निघालं.

म्हणून मी बाटलीच्या पोटावरचा मोठा आकडा वाचत नाही. खोक्यावरच्या बारीक यादीत ट्रायफेनिल फॉस्फेट शोधते. ते नसेल आणि अॅसिटाइल ट्रायब्युटाइल सायट्रेट असेल तर घेते. हा मऊ करणारा पदार्थ सायट्रिक आम्लापासून बनतो आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनातही वापरला जातो. यादीच छापलेली नसेल तर रंग कितीही आवडला तरी बाटली परत ठेवते. लावताना कड सोडते, रंग कातडीवर येऊ देत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलींसाठी पाण्यात बनवलेली पॉलिशं मिळतात. ती दोन दिवसांत निघतात, पण त्या वयात बोटं तोंडात जातात, तेव्हा तीच बरी.

एवढी काळजी मी आठवड्यातून एकदा दहा नखांसाठी घेते. आमच्या गल्लीतल्या पार्लरमधली ताई दिवसाला वीस-वीस जणींचे हात घेऊन बसते, आणि एसी चालू म्हणून काचेचं दार लावलेलं असतं. परवा तिला ही सगळी कथा सांगितली. तिनं उठून खिडकी उघडली, आणि मग कपाटातल्या बाटल्या एकेक करून माझ्यापुढे मांडत म्हणाली, “ताई, ह्यांवरचं वाचून दाखवा बरं.”