‘असेल’ आणि ‘असलेच पाहिजे’

दिवाळीच्या फराळाबरोबर कोर्टाची हकीकत वाचावयास देणे काही वाचकांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. त्यातून हकीकत नवराबायकोच्या भांडणाची. म्हणजे चिवड्यात खडाच! पण नवऱ्यावर बायकोच्या छळाचा, किंवा त्याहून भयंकर असा, आरोप आला म्हणजे कोर्टात त्याने आपला बचाव कसा मांडायचा, याचे जे नियम आज साऱ्या देशात चालतात, त्यांच्या घडणीत आपल्या मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. आणि त्याची सुरुवात आमच्या वाशीमपासून फार दूर झालेली नाही.

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. पण मला सांगायची आहे ती अलीकडची गोष्ट. इंग्रजी अमदानीत वाशीम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला, आणि पुन्हा जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. मधल्या काळात रिसोडच्या किंवा मंगरुळपीरच्या माणसाचे मोठे अपील १९३६ पासून नागपूरच्या हायकोर्टात जाई. स्वातंत्र्यानंतरही १९५६ पर्यंत आम्ही वऱ्हाडकर मध्यप्रदेश राज्यातच होतो, आणि त्याची राजधानी नागपूर होती.

त्या राज्याच्या अबकारी खात्याचे आयुक्त होते हनुमंत गोविंद नरगुंदकर. सिवनीच्या दारूभट्टीच्या ठेक्यात कागदपत्रांची बनवाबनवी केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. खालच्या कोर्टांनी दोषी ठरवले, नागपूर हायकोर्टानेही तेच कायम केले. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांना सोडले. त्या निकालात न्यायमूर्तींनी १८३८ सालच्या एका इंग्लिश खटल्यातला इशारा उद्धृत केला आहे. त्याचा आशय असा की, सुटेसुटे प्रसंग एकमेकांत जुळवण्यात माणसाच्या मनाला मौज वाटते, आणि जिथे दुवा सापडत नाही तिथे मन तो स्वतःच घडवते. म्हणून संशयाला पुराव्याच्या पाटावर बसवू नका. दारूभट्टीच्या खटल्यातून निघालेले हे सूत्र पुढे घराच्या चार भिंतींआडच्या आरोपांना लागू होईल, असे तेव्हा कोणाच्या मनात तरी आले असेल काय?

त्यानंतर १९७३ मध्ये शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायालयाने बजावले की, ‘गुन्हा केला असेल’ आणि ‘केला असलाच पाहिजे’ यांत लांबचे अंतर आहे. गंमत अशी की, याच निकालात संशयाचा फायदा उठल्यासुटल्या वाटत बसू नका, अशीही तंबी आहे, आणि त्यातल्या आरोपींची शिक्षा कायमच राहिली. वकीलमंडळी पहिले वाक्य पाठ म्हणतात. दुसरे सहसा त्यांना आठवत नाही!

आता मुख्य खटल्याकडे वळतो. १९८२ च्या जून महिन्यात पुण्याला एका विवाहितेचा विषाने मृत्यू झाला. माहेर बीडचे, आणि लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. नवऱ्याने विष घातले, असे सरकारपक्षाचे म्हणणे. बचावाचे म्हणणे असे की, बाई फार हळव्या मनाची होती, तिने स्वतःच जीव दिला असणे शक्य आहे. बहिणीला आणि मैत्रिणीला तिने लिहिलेली पत्रे कोर्टापुढे आली. सासरचे दुःख त्यांत होते. सेशन्स कोर्टाने फाशी दिली, मुंबई हायकोर्टाने ती कायम केली. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने प्रकरण दिल्लीला गेले, आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला दोषमुक्त केले.

कशाच्या आधारावर? न्यायमूर्ती फजल अली यांनी नरगुंदकरांचा आणि बोबड्यांचा निकाल समोर घेऊन पाच कसोट्या मांडल्या व त्यांना ‘पंचशील’ म्हटले. प्रत्येक परिस्थिती पक्की शाबीत झाली पाहिजे. ती आरोपीच्या दोषाशीच जुळावी. तिचे स्वरूप निर्णायक असावे. दुसरा कोणताही उलगडा संभवू नये. आणि साखळीची एकही कडी निसटलेली नसावी. आरोपीचे उत्तर खोटे निघाले म्हणून सरकारपक्षाची तुटकी साखळी जोडली जात नाही. आणि जी गोष्ट आरोपीला जबाबाच्या वेळी विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. पत्रांवरून आत्महत्येचाही तर्क संभवत होता, आणि दोन तर्क संभवले की आरोपीला अनुकूल तोच घ्यायचा. पत्रे पुराव्यात घ्यावीत की नाही, यावर खुद्द न्यायमूर्तींचे एकमत नव्हते.

मला या निकालात एक गोष्ट राहून राहून बोचते. खून सिद्ध झाला नाही, इथवर ठीक. पण पत्रांतल्या त्या दुःखाचे काय? त्याला कायद्यात नावच नव्हते. संसदेने १९८३ च्या अखेरीस पत्नीच्या छळाचा स्वतंत्र गुन्हा निर्माण केला. तेच ते प्रसिद्ध कलम ४९८-अ, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. लग्नापासून सात वर्षांच्या आत बायकोने आत्महत्या केली आणि छळ शाबीत झाला, तर नवऱ्याने ती करायला लावली असे कोर्टाला मानता येईल, अशीही तरतूद त्याच वेळी झाली. परंतु घडलेल्या गोष्टीला मागाहूनचा गुन्ह्याचा कायदा लावता येत नाही, हे आपल्या घटनेतच आहे. बाई गेली ८२ साली, कायदा आला ८३ साली, निकाल लागला ८४ साली.

नव्या कलमाने वारे उलटे फिरले. तक्रार आली की सासू, नणंद, म्हातारा सासरा, सगळेच गजाआड, असे प्रकार होऊ लागले. २०१४ साली अर्णेश कुमार निकालात न्यायालयाने सांगितले की, केवळ कलम लागले म्हणून अटक नको. पोलिसांनी अटकेची कारणे लिहून काढावीत आणि मॅजिस्ट्रेटने ती तपासावीत. २०१७ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात तक्रारी चाळणाऱ्या समित्या नेमण्याचा हुकूम झाला, पण पुढच्याच वर्षी तो मागे घेतला गेला. माझ्या मते ते बरे झाले. मार खाल्लेल्या बाईला पोलिसांच्या दारी जाण्याआधी गावच्या चार प्रतिष्ठितांपुढे उभे करणे, हा न्याय नव्हे; आणि आमच्या मानोरा-मालेगावकडे अशा समितीवर कोण बसले असते, ते सांगायला ज्योतिषी नको.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची तऱ्हा निराळी. तिथे आधी शिक्षा नाही. संरक्षण, राहते घर आणि पोटगी यांचे हुकूम आहेत. दुसऱ्या बाजूला नोटीस देऊन तिचे म्हणणे ऐकले जाते, आणि हुकूम मान्य नसेल तर तीस दिवसांत सेशन्समध्ये अपील होते. संरक्षणाचा हुकूम मोडला तर मात्र तो गुन्हा. इथे बचाव करणाऱ्याला पंचशीलाचा फारसा उपयोग नाही, कारण हा मामला बराचसा दिवाणी वळणाचा आहे. हे ध्यानात न घेता कित्येकजण पहिल्याच नोटिशीला उत्तर देत नाहीत, आणि मग एकतर्फी हुकूम झाल्यावर धावाधाव करतात.

१ जुलै २०२४ पासून ४९८-अ हा आकडा पुस्तकातून गेला. भारतीय न्याय संहितेत तोच गुन्हा कलम ८५ आणि ८६ मध्ये आला. शिक्षा तीच, व्याख्याही जवळजवळ तीच. त्याआधी घडलेल्या प्रकारांचे खटले मात्र जुन्याच आकड्याने चालतात. योगायोग असा की, वाशीमला जिल्हेपण परत मिळाले तीही तारीख १ जुलैच होती.