मतदारयादीतील आपले नाव

लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने आपले नवे नाव लिहिले गेले, ते आपण हौसेने आठवतो. मी मात्र या स्मरणिकेत दुसऱ्या एका नावाची हकिकत सांगणार आहे. ते म्हणजे मतदारयादीतील नाव.

आपले शहर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तेथे सर्व प्रौढांना मताचा हक्क नव्हता. तो घटनेने दिला. त्या वेळी वयाची अट २१ वर्षांची होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी देशभर सतरा कोटींहून अधिक नावे घरोघर फिरून लिहून घ्यावी लागली. त्यांत स्त्रिया सुमारे आठ कोटी होत्या. पण नाव विचारले की कित्येक बाया 'अमक्याची बायको', 'तमक्याची लेक' एवढेच सांगत. परक्या पुरुषाला नाव कसे सांगावयाचे, हा संकोच! पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःच्या नावावाचून कोणाचीही नोंद राहता कामा नये असे ठरविले. बिहारात त्यासाठी एक महिना वाढवून दिला. तरीही अखेर सुमारे २८ लक्ष स्त्रियांच्या नोंदी गाळाव्या लागल्या. त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश या राज्यांतील होत्या. यावरून ओरड झाली ती बरीच झाली, पुढील खेपेस हा संकोच जाईल, असे सेन यांचे मत होते. मला ते पटते, पण सगळे नाही. त्या बायांची पहिली निवडणूक गेली ती गेलीच.

त्या राज्यांत आपले हैदराबाद राज्य नव्हते. आपल्याकडची अडचण थोडी निराळी. आपली बाई स्वतःचे नाव सांगेल, पण यादीत त्यापुढे पतीचे नाव लागते, आणि तेच तिच्या ओठांवर यावयाचे नाही. उखाणा घेतल्याखेरीज ज्यांनी ते कधी उच्चारले नाही अशा आजीबाई आपणांपैकी पुष्कळींनी पाहिल्या असतील. शिवाय लग्नात नाव बदलावयाचे ते निराळेच. माझ्या सासूबाईंचे माहेरी एक नाव, सासरी दुसरे, आणि यादीत कोण्या लेखनिकाने तिसरेच लिहिलेले! नाव बदलल्यावर कागदोपत्री काय काय होते, हे आता साऱ्या शहराला ठाऊक झाले आहे. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, तरी २०२४ ची लोकसभेची निवडणूक 'औरंगाबाद' मतदारसंघाच्या नावानेच झाली.

यादी बिघडते ती बहुधा कपटाने नव्हे, माणसे हलल्याने. गुलमंडी-औरंगपुऱ्यातील कुटुंब सिडकोत राहावयास जाते. मुलगी लग्न होऊन परगावी जाते, नाव मात्र माहेरच्या यादीत राहते आणि सासरी चढत नाही. किंवा दोन्हीकडे चढते. १९५० च्या कायद्याप्रमाणे एका व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी असता येत नाही, आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. घरातले वडीलधारे माणूस गेले म्हणजे बँकेत, रेशनच्या दुकानात कळविले जाते. यादीची आठवण कोणाला होत नाही.

आता १८ वर्षांची अट आहे, ती १९८९ पासून. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी नमुना ७, दुरुस्तीसाठी वा घर बदलल्यास नमुना ८. पूर्वी वय फक्त १ जानेवारीला मोजीत. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर या तारखाही धरतात. हे काम पाहणारा केंद्रस्तरीय अधिकारी बहुधा एखादा शिक्षक किंवा अंगणवाडीसेविका असते. कोणत्या घरात सून आली, कोणाचे बिऱ्हाड गेले, हे तिला एकटीला कसे कळावे? आपल्याला ते संक्रांतीच्या हळदीकुंकवातच कळलेले असते. येत्या संक्रांतीला वाणाबरोबर आपापल्या गल्लीची यादीही घेऊन यावी, असे मी कार्यकारिणीला सुचविले आहे. चष्मा आणावयास विसरू नये. अक्षर फार बारीक असते.