राजवाड्याचे दार कोणासाठी उघडे होते? साताऱ्याच्या वाड्याभोवतीची एक फेरी

१. साताऱ्याचा राजवाडा आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण केवळ तो पाहायचा म्हणून तिथे गेलेले फार थोडे. आपल्यासाठी 'राजवाडा' म्हणजे बसचा थांबा, गांधी मैदानावरची सभा आणि संध्याकाळची चौपाटी. गेल्या रविवारी कराडहून आम्ही आठ जण फक्त त्या वाड्यासाठी साताऱ्याला गेलो. वाट दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. फेरी बाहेरच्या अंगाने, भिंतीभोवती चालत करायची, असे आधीच ठरले होते. त्या फेरीवर हा धागा.

२. आमच्यात एक निवृत्त शिक्षक होते. ते काही वर्षांपूर्वी एका सहलीबरोबर बीजिंगला जाऊन आले होते. उंब्रज मागे पडल्यावर ते म्हणाले, "तिकडं बादशहाचा सगळा वाडा आत जाऊन बघितला. सिंहासन बघितलं, राण्यांच्या खोल्या बघितल्या. इथं बाहेरनं फिरवून तू आम्हाला दाखवणार काय?" प्रश्न रास्त होता. उत्तराची सुरुवात मी बीजिंगपासूनच केली.

३. बीजिंगचा तो राजवाडा मिंग घराण्यातील योंगल या सम्राटाने १४०६ ते १४२० या काळात उभारला. विस्तार सुमारे ७२ हेक्टर. मिंग आणि छिंग या दोन घराण्यांचे मिळून २४ सम्राट तिथे राहिले. त्याच्या नावातच 'निषिद्ध नगरी' असा अर्थ आहे. दक्षिणेच्या मुख्य दरवाजाची मधली कमान फक्त सम्राटासाठी राखीव असे. सम्राज्ञीला ती आयुष्यात एकदाच, विवाहाच्या दिवशी, ओलांडता येई. आणखी तिघांना तो मान मिळे : राजवाड्यातील सर्वोच्च परीक्षेत पहिल्या तीन क्रमांकांनी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना. त्यांना एकदाच त्या कमानीखालून बाहेर पडता येई.

४. म्हणजे राजवाडा समजून घ्यायचा तर सिंहासनाआधी दार पाहावे. दाराला दोन प्रश्न विचारावेत. येथून आत कोणाला येता येत होते? आणि येथून बाहेर कोणाला पडता येत नव्हते? दुसरा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. साताऱ्याच्या इतिहासात मात्र तो पहिल्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

५. शाहू महाराजांचे बालपण मोगलांच्या छावणीत, कैदेत गेले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये त्यांची सुटका झाली आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक झाला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसले आणि मराठी राज्याची गादी तिथे स्थिर झाली. पेशवेपदाची वस्त्रे छत्रपतींच्या हातून मिळत. पहिल्या बाजीरावांना ती १७ एप्रिल १७२० रोजी मिळाली, तीही आपल्या कराडजवळच्या मसूर येथे. मसूरच्या रस्त्याने जाताना हे आपल्यापैकी किती जणांच्या मनात येते?

६. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले. त्यांच्या मागून आलेल्या रामराजांना १७५० मध्ये ताराबाईंनी साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत ठेवले. त्यानंतर कारभाराचे केंद्र पुण्याला सरकले ते कायमचेच. गादी साताऱ्यात, सत्ता पुण्यात, अशी ती घडी होती. नव्या पेशव्याला वस्त्रे साताऱ्याहूनच आणावी लागत. परंतु वस्त्रे देणाऱ्या छत्रपतींना स्वतःच्या इच्छेने फारसे काही करता येत नसे. वाड्याची भिंत आता राजालाच आत अडवणारी झाली होती.

७. बीजिंगमध्ये असाच प्रसंग पुढे विसाव्या शतकात आला. फेब्रुवारी १९१२ मध्ये शेवटचा सम्राट पुयी याने राजत्याग केला, तेव्हा तो ६ वर्षांचा होता. कराराप्रमाणे त्याला पदवी आणि महालाचा आतला भाग वापरण्याची मुभा मिळाली. बाहेर प्रजासत्ताक आणि भिंतीआड बालसम्राटाचा दरबार असा प्रकार १९२४ पर्यंत चालला. दोहोंत एक फरक मात्र आहे. पुयीच्या शिक्क्याची बाहेर कोणालाच गरज उरली नव्हती. साताऱ्याच्या वस्त्रांची गरज पुण्याला शेवटपर्यंत होती. म्हणूनच छत्रपतींना सांभाळावेही लागे आणि जखडूनही ठेवावे लागे.

८. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईनंतर प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. तोवर दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेबरोबर त्यांना फिरवले जात होते. एप्रिलमध्ये इंग्रजांनी त्यांना साताऱ्यास गादीवर बसवले, १८१९ मध्ये तह केला आणि १८२२ मध्ये कारभाराचे अधिकार दिले. रेसिडेंट होता जेम्स ग्रँट, म्हणजेच १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ. त्या इतिहासासाठी साताऱ्याची कागदपत्रे त्याच्या उपयोगी पडली. खुद्द प्रतापसिंह महाराज रोजनिशी लिहीत असत.

९. आपण ज्याला जुना राजवाडा म्हणतो, तो याच प्रतापसिंह महाराजांनी १८२४ मध्ये बांधला. आम्ही भिंतीलगत उभे राहून आधी वाड्याची भाषा समजून घेतली. मोठ्या दरवाजातले लहान दार म्हणजे दिंडी; तिच्यातून शिरताना मान आपोआप लवते. आत पहारेकऱ्यांची देवडी. मग चौक, सदर आणि त्यापुढे घरच्या माणसांचे चौक. जितका आतला चौक, तितकी जवळीक मोठी. कोण कोठवर जाऊ शकतो, यावरून त्याची पायरी कळे. बीजिंगमध्येही पुढचा भाग दरबाराचा आणि मागचा भाग कुटुंबाचा आहे. प्रमाण वेगळे, व्याकरण तेच.

१०. त्या दारातली दुसरी गोष्ट १८३९ ची. प्रतापसिंह महाराजांवर इंग्रजांनी कटाचे आरोप ठेवले : गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान आणि कंपनीच्या शिपायांना फितवण्याचा प्रयत्न. मुंबईचा गव्हर्नर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आला. दोष कबूल करून सही केली तर गादी राहील, असा प्रस्ताव होता. महाराजांनी सही केली नाही.

११. सप्टेंबर १८३९ च्या आरंभी फौजेने वाडा घेरला आणि महाराजांना पदच्युत करून बाहेर काढण्यात आले. पुढे त्यांची रवानगी काशीला झाली. आधीच्या छत्रपतींना दारातून स्वेच्छेने बाहेर पडता येत नव्हते; या छत्रपतींना मात्र दारातून इच्छेविरुद्ध बाहेर नेण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे १४ वर्षे तिथे झगडले. महाराज मात्र ऑक्टोबर १८४७ मध्ये काशीलाच निवर्तले. साताऱ्याचे दार त्यांना पुन्हा दिसले नाही.

१२. शेजारचा नवा राजवाडा १८३८ ते १८४४ या काळात बांधला गेला. तो पूर्ण झाला तेव्हा प्रतापसिंहांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर होते. वाडा पूर्ण झाल्यावर अवघ्या चार वर्षांत, एप्रिल १८४८ मध्ये, आप्पासाहेबही गेले. त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि राज्य खालसा केले. झाशी आणि नागपूरची नावे आपल्याला पाठ असतात. परंतु डलहौसीने या धोरणाखाली गिळलेले पहिले राज्य सातारा होते.

१३. साताऱ्याच्या वाड्याची कहाणी सहसा इथेच संपवली जाते. राजा गेला, राज्य गेले, वाड्याची रया गेली. आमच्यातल्या एकाने हेच बोलून दाखवले : "छत्रपतींच्या वाड्यात कोर्टकचेऱ्या भरल्या. यापेक्षा वाईट काय व्हायचं राहिलं?" ही खंत खोटी नाही. राज्य अन्यायाने गेले, हे कागदोपत्री सिद्ध आहे. पण मला पुढचा प्रश्न विचारायचा होता. ती कोर्टकचेरी भरल्यावर दाराचे काय झाले?

१४. नव्या वाड्यात जिल्हा न्यायालय भरू लागले. ज्या चौकात पूर्वी निमंत्रणावाचून पाऊल टाकता येत नसे, तिथे आता समन्स हाती घेऊन माण-खटावचा शेतकरी येऊ लागला, पाटणचा कूळ येऊ लागला. तो आनंदाने येत नव्हता. वतनाचा, बांधाचा, सावकाराच्या खताचा तंटा त्याला तिथे ओढून आणत होता. पण तो आत येत होता, आणि त्याचे म्हणणे कोणाला तरी लिहून घ्यावे लागत होते.

१५. जुन्या वाड्यात शाळा भरू लागली. १८५१ मध्ये सुरू झालेली ही शाळा पुढे सातारा हायस्कूल आणि १९५१ पासून छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. दिनांक ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकावर एका विद्यार्थ्याचे नाव चढले : भिवा रामजी आंबेडकर. इयत्ता इंग्रजी पहिली, वय ९ वर्षे. वडील सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त होऊन साताऱ्यास आले होते. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, त्याचे कारण ही नोंद.

१६. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण ही गोष्ट गोड करून सांगण्याचा मोह होतो. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या आठवणीत लिहिले आहे की, वर्गात त्यांना वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे लागे. नळाला त्यांनी हात लावायचा नाही. शिपाई तोटी उघडेल तेव्हाच पाणी. शिपाई नसेल तर तहान तशीच. वाड्याचे दार उघडले होते. वर्गात मात्र आणखी एक उंबरा होता, आणि तो कोणत्याही राजाने बांधलेला नव्हता. तो तुमच्या-माझ्या पणजोबांच्या पिढीने सांभाळला होता.

१७. तरीही ती नोंद खोडली गेली नाही. चार वर्षे, १९०४ पर्यंत, तो मुलगा या शाळेत शिकला. बीजिंगच्या मधल्या कमानीतून परीक्षेत पहिले आलेले तिघे एकदाच बाहेर पडत आणि तो त्यांच्या आयुष्यातला सर्वोच्च मान समजला जाई. साताऱ्याच्या वाड्याच्या दारातून रोज दप्तर घेऊन जाणाऱ्या या विद्यार्थ्याला तेव्हा कोणी मान दिला नव्हता. पुढे देशाच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले.

१८. बीजिंगचे दार उघडण्यास आणखी २५ वर्षे लागली. नोव्हेंबर १९२४ मध्ये पुयीला महालातून काढण्यात आले आणि १० ऑक्टोबर १९२५ रोजी तिथे संग्रहालय सुरू झाले. पाचशे वर्षे निषिद्ध असलेल्या अंगणात सामान्य माणूस तिकीट काढून शिरला. तिथे वाड्याचे संग्रहालय झाले, म्हणून सिंहासन आजही जागेवर दिसते. आपल्याकडे वाड्याचे कोर्ट आणि शाळा झाली, म्हणून दाखवायला सिंहासन नाही. दाखवायला एक नोंदवही आहे. यात उणे-अधिक ठरवण्याची मला घाई नाही.

१९. परतण्यापूर्वी आम्ही मैदानाच्या कडेला चहा घेतला. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझे वडील तारखेला साताऱ्याला यायचे. पहाटेच भाकरी बांधून घेऊन निघायचे. जमिनीची केस होती, किती वर्षं चालली ते त्यांनाच ठाऊक. ते या वाड्यात येऊन बसायचे. आम्ही घरात त्याला कोर्टच म्हणायचो. हा छत्रपतींचा वाडा आहे, हे कधी बोलण्यातच आलं नाही." चहा संपल्यावर ते उठले आणि एकटेच पुन्हा नव्या वाड्याच्या भिंतीपर्यंत जाऊन आले.

२०. बीजिंगमध्ये सम्राटांची रोजची हकीकत लिहून ठेवणारे दरबारी लेखक होते. आपल्या वाड्यातल्या तारखेला आलेल्या माणसांची आणि बाकांवर बसलेल्या मुलांची हकीकत लिहायला कोणी नव्हते. म्हणून एक विनंती. तुमच्या घरात कोणी या शाळेत शिकले असेल, कोणाची केस नव्या वाड्यात चालली असेल, कोणी तिथे कारकून, शिपाई किंवा वकील असेल, तर त्यांच्याकडून ऐकलेले दोन शब्द खाली लिहा. कोणत्या दारातून आत गेले आणि कुठे बसले, एवढे आठवले तरी पुरे. पुढचा धागा कराडच्या पंताच्या कोटावर. तिथेही दारापासूनच सुरुवात करू.