उभी राहणारी पाने

पान उघडताच किल्ला उभा राहावा, कागदाची पट्टी ओढताच विदूषकाने मान डोलवावी, अशी पुस्तके हाती आली की अक्षरओळख नसलेले मूलही त्यांत रमून जाते. ही पुस्तके आज मुलांची म्हणूनच ओळखली जातात. त्यांचा जन्म मात्र पंडितांच्या अभ्यासिकेत झाला.

तेराव्या शतकात इंग्लंडमधील मठवासी इतिहासकार मॅथ्यू पॅरिस याने आपल्या ग्रंथात फिरत्या चकत्या बसविल्या. १५७० साली लंडनला युक्लिडच्या भूमितीचा इंग्रजी अनुवाद निघाला. घनाकृती समजाव्यात म्हणून त्यात कागदी घड्या चिकटविलेल्या होत्या. त्या उचलल्या की पानावर पिरॅमिड उभा राही. मुलांची पाळी यावयास आणखी दोन शतके लागली. १७६५ च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट सेयरने झडपा उघडून पाहावयाची चित्रपुस्तके विक्रीस काढली. म्युनिकचा लोथर मेगेनडॉर्फर याने १८८७ मध्ये घडीच्या पानांवर सबंध सर्कस उभी केली. तांब्याच्या तारेची बारीक वेटोळी घालून त्याने कागदाचे सांधे जुळविले. एक पट्टी ओढताच चित्रातील अनेक अवयव एकदम हलत. पुढे १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनसंस्थेने अशा पुस्तकांना ‘पॉप-अप’ हे नाव दिले.

या पुस्तकांची मोहिनी केवळ चित्रांत नाही. चित्रे दाखवून कथा सांगणे महाराष्ट्रालाही नवे नाही. कुडाळजवळील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतील चित्र एकामागून एक पुढे धरीत रामायण-महाभारतातील आख्याने गात आले आहेत. तेथे पान पुढे करणारा हात कथेकऱ्याचा असतो. येथे तो मुलाचा असतो. मोठ्यांच्या जगात ज्याच्या सांगण्याने काहीच हलत नाही, त्या चिमुकल्या जिवाने पट्टी ओढताच सिंह जबडा उघडतो. पट्टी सोडली की मिटतो. पुन्हा ओढली की पुन्हा उघडतो. आपल्यामुळे काही घडले, हा अनुभव मुलाला त्या कागदातून मिळतो.

या आनंदाची किंमत पुस्तकालाच मोजावी लागते. पट्ट्या तुटतात, घड्या फाटतात. संग्रहालयांत जी जुनी पुस्तके धडधाकट राहिली, त्यांपैकी बहुतेकांना मुलांचे हात फारसे लागलेच नसावेत. जी फाटून नाहीशी झाली, त्यांचेच जन्माला येणे सार्थकी लागले.